थंडीत टर्की खुडूक बसली तर
पूस-माघात टर्कीची मादी अंडी द्यायला लागली की आपण खुश होतो, पण आपल्या विदर्भातली पहाटेची थंडी म्हणजे बाप्पा, उघड्यावर राहिलेलं अंडं गारठून वाया जातं. म्हणून दिवसातून दोन-तीनदा अंडी उचला, टोकदार बाजू खाली करून घरात ठेवा आणि सात दिवसांच्या आतलीच अंडी बसवायला घ्या. फ्रिजमध्ये ठेवू नका, तो फार थंड पडतो.

मादी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, की गोठ्याच्या कोपऱ्यात, वारं लागणार नाही अशा जागी जाड तणस नाहीतर कुटार टाका, खाली बारदाना. एका मादीखाली १२ ते १५ अंडी खूप झाली, जास्त लालच केली तर थंडीत कडेची अंडी गार पडतात आणि मग २८ दिवस वाट बघून हाती काहीच नाही. आणि हो, टर्की इतकी चिकाटीची की खाणं-पिणं सोडून बसून राहते, तर रोज एकदा हाताने उठवा, दाणापाणी द्या, पण १५-२० मिनिटांत ती परत बसली पाहिजे. दहाव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरा, आत शिरा दिसल्या नाहीत तर काढून टाका.

पिल्लं निघाली की खरी कसरत, टर्कीचं पिल्लू लवकर खायला शिकत नाही. उकडलेलं अंडं बारीक करून द्या, त्यांचं बघून शिकावं म्हणून सोबत एक-दोन कोंबडीची पिल्लं सोडतात काही जण, पण काळडोक्या (ब्लॅकहेड) हा टर्कीचा जीवघेणा रोग कोंबड्यांकडून येतो म्हणून मी नाही सोडत, दाण्यात रंगीत गोट्या टाकतो, चमक बघून चोच मारतात.