श्रद्धा पाठात आणायची ती विषयातूनच

तासाच्या आधी प्रार्थना, फळ्याच्या कोपऱ्यात बायबलचं वचन आणि मधला पाठ नेहमीसारखाच. एवढ्याने ख्रिस्ती श्रद्धा शिकवण्यात उतरत नाही. तीनाच्या पाढ्याला त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती शिकवण) चिकटवणं तर त्याहून वाईट: पाढा तेवढाच येतो आणि त्रैक्याचा अर्थ मात्र बिघडतो, कारण तिथे देव एकच आहे.

सुरुवात अभ्यासक्रमातून करा. महिन्याचे घटक समोर ठेवा आणि न्याय, सत्य, सृष्टीची काळजी किंवा माणसाची किंमत यांचा प्रश्न ज्यात आपसूक निघतो, असे दोन-तीनच निवडा. बाकीचे नीट शिकवले तरी पुरे.

गणितातला प्रमाणाचा पाठ घ्या, 40 मिनिटांचा. बायबलच्या मत्तय या पुस्तकातला (20:1-16) द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, सांगा, पण शेवट लगेच सांगू नका. मजूर पहाटे 6, सकाळी 9, दुपारी 12, 3 आणि 5 वाजता आले. सुट्टी संध्याकाळी 6 ला. म्हणजे काम 12, 9, 6, 3 आणि 1 तास. पहाटेच्या मजुराशी दिवसाचा एक दिनार (त्या काळचं नाणं) ठरला आहे; याच दराने बाकीच्यांचे किती? उत्तरं पाऊण, अर्धा, पाव आणि एक बारांश. प्रत्येक वेळचा एकच मजूर धरला तर एकूण 2 पूर्णांक 7/12 दिनार. काही मुलं घड्याळातली वेळच कामाचे तास समजतात (दुपारी 12 ला आला, म्हणून 12 तास). ही चूक इथेच काढा, नाहीतर पुढचा धक्का बसत नाही.

याला 20 मिनिटं द्या. मग दाखला पूर्ण वाचा: मालकाने सगळ्यांना एकेक दिनार दिला, म्हणजे आपल्या हिशेबात पाच. पहाटेच्या मजुराला फसवलं का? शेवटच्याला दिलेला दिनार कशाबद्दल? प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा. शिक्षक घाईने स्वतःच उत्तर देतो आणि चर्चा तिथेच मरते. हा दाखला स्वर्गाच्या राज्याविषयी आहे, मजुरीचे दर ठरवण्यासाठी नाही, एवढं मात्र शेवटी सांगावं लागतं.

विज्ञानात आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल मठवासी होते हे सांगायला हरकत नाही, पण त्यामुळे 1866 चा वाटाण्यांवरचा निबंध जास्त खरा ठरत नाही. त्यापेक्षा न जुळणारं निरीक्षण खोडून टाकायचं नाही, एवढा नियम प्रयोगवहीत पाळायला लावा. खरेपणा तिथेच अंगवळणी पडतो. इतिहासात ब्रिटिश संसदेने 1807 साली गुलामांचा व्यापार बंद केला तो भाग घेताना, बंदी मागणारे आणि गुलामगिरीची बाजू घेणारे दोघंही बायबलचा आधार देत होते, हे लपवू नका. मुलांना ते कधीतरी कळणारच, आणि मग तुमचं बाकीचंही खोटं वाटेल.

वर्गातली चूक आधी एकट्याला बाजूला घेऊन दाखवा (मत्तय 18:15). सगळ्यांसमोर झापलेल्या मुलाला नंतरचं क्षमेवरचं बोलणं ऐकूच येत नाही.

वर्गात वेगळ्या श्रद्धेची मुलं असतील तर ‘आपण मानतो’ऐवजी ‘ख्रिस्ती लोक मानतात’ म्हणा, आणि प्रार्थनेच्या वेळी गप्प बसायची मोकळीक ठेवा. शाळा ख्रिस्ती संस्थेची नसेल तर तिथला नियम आधी विचारून घ्या. मजुरांच्या पाठात गुण फक्त अपूर्णांकांच्या उत्तरांना द्या, मताला नाही; मताला गुण मिळाले की मुलं शिक्षकांना आवडेल तेच लिहायला शिकतात.