नांदूर मध्यमेश्वरची पहिली फेरी : आधी दुर्बीण हातात बसवा

पहिल्यांदा ग्रुपबरोबर पक्षी बघायला निघालेल्या माणसाला सगळे कॅमेऱ्याबद्दल सल्ले देतात. कॅमेरा घरी ठेवा. पक्ष्यांची नावं पाठ करायचीही गरज नाही, ती बरोबरचे लोक सांगतात. पण दाखवलेला पक्षी तुमच्या दुर्बिणीत आलाच नाही, तर तिथे कोणाचाच इलाज चालत नाही. तयारी करायची ती याची.

जागा नांदूर मध्यमेश्वरच निवडा. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा आहे, त्यामागच्या उथळ पाण्यात हिवाळी पाहुणे उतरतात. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ जागा. नवख्या माणसाला पाणथळ जागाच बरी, कारण जंगलात पक्षी पानाआड जातो, इथे तो समोर पोहत असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. नाशिकहून पहाटे साडेपाचला निघा, म्हणजे उजाडताना पाण्याकाठच्या चापडगावला पोचाल. कपडे मातकट रंगाचे, आणि निफाडची थंडी ठाऊक असेलच, कानटोपी विसरू नका.

आता दुर्बीण. ८ बाय ४२ किंवा तिच्या जवळपासची घ्या. आठ म्हणजे आठपट मोठं दिसणं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. वीसपट, तीसपट, झूमवाली असलं काही कोणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. जितकं मोठं दिसतं तितका हात जास्त हलतो आणि समोरचा तुकडा लहान होतो, मग पक्षी शोधणार कुठे?

आदल्या दिवशी गच्चीवरून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघा. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं करा. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी कडा आत ढकला किंवा दुमडा, चष्मा काढू नका. मग उजवं भिंग हाताने झाकून, मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याला टाकीवरची अक्षरं स्पष्ट करा. आता डावं झाका आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. बहुतेक दुर्बिणींत ती तिथेच असते. ती कुठल्या खुणेवर थांबली ते लक्षात ठेवा. इतकं न करता गेलेली माणसं दिवसभर धूसर बघतात, डोकं दुखवून घेतात आणि दोष दुर्बिणीला देतात. तिघांत एक दुर्बीण फिरवायची असेल तर प्रत्येकाने आपापल्या खुणेवर कडी लावायलाच हवी.

मला सगळ्यात जड गेलं ते यापुढचं. आपण दुर्बीण डोळ्याला लावतो आणि मग पक्षी शोधत पाण्यावर इकडेतिकडे फिरवतो. असं कधीच सापडत नाही. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी बघा. नजर तिथेच खिळवून, मान न हलवता, दुर्बीण वर आणून डोळ्यांसमोर धरा. वर आणताना एकदाही खाली बघायचं नाही. चुकलं तर दुर्बीण खाली घ्या, पुन्हा नुसत्या डोळ्यांनी सुरुवात. सरावाला वारकरी नावाचा पाणपक्षी उत्तम: काळा, चोच पांढरी, पाण्यावर भरपूर आणि सावकाश. तो दहा वेळा पकडता आला की मग लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, मग पाणवनस्पतींतून डोकावणारी जांभळी पाणकोंबडी.

ग्रुपमध्ये आणखी एक गोंधळ होतो. कोणीतरी बोट दाखवून “तो बघ, तो बघ!” करतो. बोटाची रेघ फक्त बोट दाखवणाऱ्याच्या डोळ्यातून जुळते, शेजाऱ्याला ती भलतीकडे नेते. आधी सगळ्यांना दिसेल अशी न हलणारी वस्तू सांगा: “पाण्यातली वाळकी बाभूळ दिसली?” सगळे हो म्हणाले की तिथून पुढे: “तिच्या डावीकडे दोन हातांवर, गवताच्या कडेला, नारिंगी-तपकिरी जोडी, चक्रवाक.” तुम्हाला कोणी बोटाने दाखवलं तर न लाजता विचारा, “कशाच्या शेजारी?”

बाकीचं सोपं आहे. स्थानिक गाइड घ्या, त्यांना पाण्याचा कोपरा न कोपरा माहीत असतो. सूर्य पाठीशी ठेवा. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. सगळी बदकं एकदम उठली तर त्यांच्याकडे नाही, वर आकाशात बघा, बऱ्याचदा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो.

ऊन चढून पाणी चमकायला लागलं की नाश्त्याला निघा. मिसळ येईपर्यंत सगळ्यांनी मिळून यादी लिहा: पक्षी, अंदाजे किती, कुठे. ज्याची ओळख पटली नाही त्याचं नाव ठोकून देऊ नका. चोचीचा आकार, पायांचा रंग आणि तो काय करत होता एवढं लिहून ती ओळ तशीच मोकळी सोडा.