घर भाड्याने देताय? चावी हातात देण्याआधी करायच्या नोंदी आणि तपासण्या

महाराष्ट्रात घर भाड्याने देण्यासाठी महापालिकेचा एकच परवाना, एकच खिडकी, एकच शिक्का असे काही नाही. घोळ तिथूनच सुरू होतो. करार दुय्यम निबंधकाकडे, राहायला येणाऱ्याची माहिती पोलीस ठाण्यात, सूचना सोसायटीत, करातला बदल महापालिकेच्या मालमत्ता कर विभागात. चार ठिकाणी चार नोंदी, आणि एका दप्तराचे दुसऱ्याला काही कळत नाही. करार झाला म्हणजे सगळे झाले, असे समजून बरेच घरमालक तिथेच थांबतात.

खाली दिलेला क्रम चावी देण्याआधीचा आहे. सामान आत गेले की नोंदणीसाठी अंगठा द्यायला किंवा कागद आणून द्यायला समोरच्याला घाई राहत नाही.

पायरी १ : घर देण्याजोगे आहे का?

इमारतीला भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेली मान्यता, आहे का, ते आधी बघा. सोसायटीच्या दप्तरात प्रत असते. नसेल तर महापालिकेच्या इमारत परवानगी विभागात चौकशी करता येते. भोगवटा पत्राशिवाय इमारत वापरात आणणे हेच मुळात नियमाबाहेर आहे, मग राहणारा मालक असो वा भाड्याने आलेला.

इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून ही तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. मुंबईत त्यासाठी मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३५३-ब आहे, इतर महापालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६५-अ. अहवालात इमारतीची वर्गवारी दिलेली असते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ आणि सी-२ब म्हणजे मोठी दुरुस्ती, त्यातल्या सी-२अ मध्ये इमारत रिकामी करावी लागते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ किंवा सी-२अ इमारतीतले घर भाड्याने देऊ नका. पावसाळ्यापूर्वी घर रिकामे करायची नोटीस आली तर राहणारा अनामत परत मागणारच, आणि ती मागायचा त्याला हक्क आहे.

उंच इमारतीत अग्निशमन यंत्रणेचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र चालू आहे का, तेही सोसायटीच्या सचिवांना विचारा. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार ते परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते.

आता स्वतःच्या घरातले फेरफार. बंद केलेली बाल्कनी, पाडलेली आतली भिंत, पोटमाळा यांना मंजुरी नसेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालची नोटीस मालकाच्या नावाने निघते. ‘भाड्याने राहणाऱ्याने केले’ हा बचाव तिथे फारसा टिकत नाही. म्हणून घर देताना ते कोणत्या अवस्थेत होते याचे फोटो हवेत. त्याकडे पाचव्या पायरीत येऊ.

पायरी २ : करार, आणि अकरा महिन्यांचा गैरसमज

सर्वाधिक चुका इथे होतात. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही, नोटरी केली की झाले’ हे वाक्य दलालापासून वकिलापर्यंत कोणीही ऐकवते. नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सूट आहे, हे खरे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने इथे ती वाट बंद केली आहे. भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स (फक्त वापराची परवानगी देणारा करार), मुदत अकरा महिने असो वा छत्तीस, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

दंडापेक्षा महागात पडते ते वेगळेच. नोंदणीकृत करार नसेल तर वादात राहणारा ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरल्या जातात. त्या खोट्या ठरवण्याचा भार मालकावर. भाडे १८,००० ठरले होते आणि तो १२,००० म्हणाला, तर १८,००० सिद्ध करत बसायचे ते तुम्ही. उलट नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स असेल तर कलम २४ प्रमाणे त्यातला मजकूर निर्णायक पुरावा ठरतो. मुदत संपूनही घर सोडले नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवता येतो, आणि मधल्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते.

मसुद्यातल्या शब्दांनाही वजन असते. लिव्ह अँड लायसन्समध्ये ताबा मालकाकडेच राहतो, समोरच्याला फक्त वापराची परवानगी मिळते. तेव्हा मसुद्यात ‘भाडेकरू’, ‘भाडेपट्टा’, ‘ताबा दिला’ असे शब्द आले असतील तर ते बदलून घ्या. लायसन्सर (मालक), लायसन्सी (राहणारा), परवानगी शुल्क असेच लिहा.

मुद्रांक शुल्काचा हिशेब घरी करता येतो. ६० महिन्यांपर्यंतच्या करारासाठी दर ०.२५ टक्के. तो लागतो तीन रकमांच्या बेरजेवर : पूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी कोणतीही रक्कम, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज. उदाहरणार्थ, मुदत २४ महिने, पहिल्या वर्षी दरमहा २०,०००, दुसऱ्या वर्षी २१,०००, अनामत १,००,००० :

भाडे : २,४०,००० + २,५२,००० = ४,९२,०००
अनामतीवरचे व्याज : १०,००० × २ = २०,०००
बेरीज : ५,१२,०००
मुद्रांक शुल्क : १,२८० रुपये

नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणी शुल्क वेगळे. चलान भरताना मात्र नोंदणी विभागाच्या पोर्टलवरचे गणकयंत्र दाखवेल तोच आकडा भरा. तिथे रक्कम वरच्या पूर्णांकात जाऊ शकते, आणि कमी भरले तर दस्त परत येतो. हा खर्च कोणी करायचा हे कायदा ठरवत नाही. निम्मा-निम्मा करण्याची पद्धत आहे, पण ते आधी बोलून घ्या.

पायरी ३ : ऑनलाइन नोंदणी

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन सुविधेतून हे काम घरबसल्या होते. मालक, राहणारा आणि दोन साक्षीदार यांचे आधार क्रमांक, वेबकॅमेरा आणि अंगठा घेणारे बायोमेट्रिक यंत्र एवढे लागते. यंत्र नसेल तर अधिकृत सेवा पुरवठादार घरी येऊन अंगठे घेतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो.

आधी मिळकतीचा तपशील भरायचा : गाव, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, इमारत, मजला, सदनिका, क्षेत्रफळ. मग पक्षकार, मुदत, भाडे, अनामत आणि अटी. मसुदा तयार झाला की ‘ग्रास’ या सरकारी भरणा संकेतस्थळावर शुल्क भरायचे, नंतर फोटो आणि अंगठे. शेवटी दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो. त्यांनी तपासून डिजिटल सही केली की दस्त आणि सूची क्रमांक दोन (दस्ताचा नोंदणीकृत गोषवारा, ‘इंडेक्स टू’) उतरवून घेता येते. सुरुवातीला मिळणारा टोकन क्रमांक आणि पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवा, अर्धा भरलेला मसुदा पुन्हा उघडायला तेच लागतात.

दस्त परत येण्याची कारणे ठरलेली असतात. मिळकत भलत्याच गावाखाली भरलेली असते. शहरात मिसळून गेलेल्या उपनगरांची जुनी मौजे नावे आजही दप्तरात चालू आहेत, त्यामुळे पत्त्यावरून अंदाज न बांधता खरेदीखताच्या सूची क्रमांक दोनवर जे गाव आहे तेच भरा. दुसरे कारण म्हणजे घर नवरा-बायकोच्या नावावर आणि करारात एकटा नवरा. सहमालक सगळे यायला हवेत, किंवा त्यांचे कुलमुखत्यारपत्र हवे. तिसरे, आधारवरचे नाव आणि खरेदीखतावरचे नाव जुळत नाही.

वयस्कर माणसांचा अंगठा उमटत नाही, हा अडथळा जवळपास प्रत्येक घरात येतो. बोट कोमट पाण्याने धुऊन, किंचित ओलसर ठेवून दुसरे बोट लावून बघा. तरीही न जमल्यास दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करावी. आधार नसलेल्या परदेशस्थ मालकालाही तोच मार्ग, नाहीतर कुलमुखत्यार. कार्यालयात जायचे असेल तर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त सादर करावा लागतो. त्यानंतर दंड पडतो.

अंगठा देण्याआधी मसुदा शेवटपर्यंत वाचा. पुरवठादाराकडे एकच साचा असतो आणि त्यात आधीच्या गिऱ्हाइकाची अट राहून गेलेली असू शकते. नोटीस कालावधी, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) आणि अनामत परत करण्याची मुदत या तीन ठिकाणी तरी बोट ठेवून वाचा.

पायरी ४ : पोलीस, सोसायटी आणि कर

पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढून भाड्याने राहणाऱ्याची माहिती मागवतात. हे आदेश आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात आणि ते मोडल्यास मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर भरता येते : दोघांचे फोटो, ओळखपत्र, आधीचा पत्ता, नोकरीचे ठिकाण, ओळखणाऱ्या दोन व्यक्ती. शेवटी मिळते ती माहिती दिल्याची पोच. तिला चारित्र्य पडताळणीचा दाखला समजू नका. पोलिसांनी त्या माणसाबद्दल काहीही प्रमाणित केलेले नसते. राहायला येणारा परदेशी असेल तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती वेगळी ऑनलाइनही द्यावी लागते.

सोसायटीला परवानगी मागायची नसते, कळवायचे असते. नमुना उपविधीनुसार आठ दिवस आधी लेखी सूचना द्या, सोबत कराराची प्रत आणि पोलिसांची पोच जोडा. मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येते, हे १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ठरलेले आहे. महिन्याचे बिल ४,००० असेल आणि त्यात सेवाशुल्क २,२०० असेल तर हे शुल्क २२० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. पूर्ण बिलावर १० टक्के लावून ४०० घेणाऱ्या सोसायट्या आहेत. तिथे लेखी हरकत घ्या.

मालमत्ता कराची पद्धत शहरागणिक बदलते. मुंबईत कर भाड्यावर नाही, घराच्या भांडवली मूल्यावर आहे. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत मिळते आणि त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. घर भाड्याने दिल्यावर ही सवलत आपली राहत नाही. नंतरच्या तपासणीत घर भाड्याने असल्याचे आढळले की फरकाचे बिल निघते, म्हणून हा बदल आपणहून कळवलेला बरा. आणि राहणाऱ्याने घरात शिकवणी किंवा ऑफिस थाटले तर कराचा वापरप्रकारच बदलू शकतो. ‘फक्त राहण्यासाठी’ ही अट करारात त्यासाठीच असते.

पायरी ५ : दोघांनी मिळून घराची तपासणी

दिवसाउजेडी, वीज-पाणी चालू असताना, तासभर काढून करा. वीज मीटरचे वाचन आणि पाइप गॅस असेल तर त्याचे वाचन फोटोत घ्या. मुख्य पेटीतल्या आरसीसीबीचे (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारे उपकरण) ‘टेस्ट’ बटण दाबा. खटका पडून वीज गेली पाहिजे. तो पडला नाही तर इलेक्ट्रिशियन बोलवा, तोवर चावी देऊ नका. गीझरचा शॉक अडवणारी ती महत्त्वाची वस्तू आहे. गॅसची रबरी नळी उलटवून तिच्यावर छापलेले वर्ष बघा, पाच वर्षे झाली असतील तर बदला. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर बाहेर काढा. दार-खिडकी बंद असताना तो जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आंघोळ करणाऱ्याला काही कळत नाही.

बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर तळाशी रंगाचे फुगे आलेत का, ते हात फिरवून बघा आणि फोटो घ्या. घर सोडताना अनामतीवरून होणाऱ्या भांडणात गळती आणि रंग हेच दोन विषय निघतात. पंखे, दिवे, गीझर, चाव्यांचे संच यांची मोजून यादी करा : ‘पंखे ४, तीन चालू, एकाचा रेग्युलेटर बंद’ इतकी नेमकी. दोघांनी तारखेसह सह्या केलेली ही यादी करारासोबत ठेवा.

मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची एक आठवण फोनमध्ये लावून ठेवा. करार आपोआप पुढे सरकत नाही. तोंडी ‘राहा अजून वर्षभर’ म्हटले तर त्या वर्षापुरता तुमच्याकडे नोंदणीकृत करार नसतो. नवा करार, नवे मुद्रांक शुल्क, पोलिसांकडे आणि सोसायटीत नवी प्रत. फक्त पाचव्या पायरीतली यादी जुनीच पुढे चालवता येते, मधल्या काळात काय बदलले ते नोंदवून.