जुन्या फिल्म कॅमेऱ्याला नवा पट्टा घेताना

कॅमेरा गळ्यातून खाली पडतो तेव्हा पट्टा मधोमध तुटलेला क्वचितच सापडतो. टोकाची रिंग उघडलेली असते, बकलमधून पट्टी सरकलेली असते, नाहीतर शिवण उसवलेली असते. पट्टा विकत घेताना मात्र आपलं सगळं लक्ष मधल्या भागावर: चामडं कसलं, रंग कुठला, गळ्यात कसा दिसेल. घरच्या कपाटात सापडलेला पेंटॅक्स के1000 असो की जुन्या बाजारातून आणलेला कॅनन एई-1, पट्ट्याची निवड टोकांपासून सुरू करा आणि मग मधे या. 

1. आधी जुना पट्टा तपासा

मूळ पट्टा जागेवर असेल तर तो लगेच काढू नका. रेक्झिनचा असेल तर दोन बोटांत धरून दुमडा. घडीवर बारीक भेगा दिसल्या की त्याचं आयुष्य संपलं. चामड्याचा असेल तर पांढऱ्या कापडाने घासून बघा. कापडावर तांबूस भुकटी आली तर चामड्याचा आतून भुगा व्हायला लागलाय, तेल-पॉलिश लावून ते परत येत नाही. शिवणीतला दोरा नखाने ओढा. धातूच्या हुकावर हिरवट थर असेल तर स्प्रिंग दाबून सोडा. ती झटकन मिटली नाही तर हुक बाद.

2. कॅमेऱ्याचे कान बघा

पट्टा अडकवायला कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना जे धातूचे कान असतात, त्यांना दुकानात लग म्हणतात. तुमच्या कॅमेऱ्याचे लग कसे आहेत यावर निम्मी निवड ठरते, म्हणून इथे घाई करू नका.

1970 आणि 80 च्या दशकांतल्या बहुतेक 35 मिमी कॅमेऱ्यांना छोटं गोल छिद्र असलेले लग असतात. के1000, निकॉन एफएम2, ऑलिम्पस ओएम-1 सगळे याच जातीचे. या छिद्रातून आजची नायलॉनची चपटी पट्टी जात नाही. मधे एक रिंग लागते, गोल किंवा त्रिकोणी. नंतरच्या बऱ्याच ऑटोफोकस कॅमेऱ्यांना लांबट खाच आली आणि पट्टी थेट ओवता येऊ लागली. आज मिळणारे बरेचसे पट्टे त्या खाचेसाठी बनलेले असतात. ऑनलाइन मागवलेला पट्टा घरी आल्यावर ‘बसतच नाही’ म्हणून ओरड होते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच.

काही कॅमेऱ्यांची गोष्टच वेगळी. हॅसलब्लाड 500 सी/एमला छिद्रच नाही, बाजूला छोटी घुंडी आहे आणि तिच्यावर सरकून बसणारी खास क्लिप लागते. रोलिफ्लेक्सच्या बऱ्याच मॉडेल्सना कात्रीसारखी मिटणारी क्लिप हवी. तिथे जुगाड नको. त्या मॉडेलसाठी बनवलेली टोकं घ्या, मधला पट्टा वाटेल तो लावा.

आणि सोव्हिएत झेनिट-ईला लगच नाहीत! अमेरिकन आर्गस सी3चंही तेच. हे कॅमेरे चामडी केसमध्ये घालून वापरायचे आणि पट्टा त्या केसला असायचा. केस तळाशी ट्रायपॉडच्या आट्यांत स्क्रूने बसते. केस सडली असेल तर त्याच आट्यांत कडीचा स्क्रू बसवून पट्टा लावता येतो. पण जुन्या युरोपीय कॅमेऱ्यांत आजच्या 1/4 इंचाऐवजी 3/8 इंचाचे आटे असू शकतात. तसं असेल तर पितळी किंवा स्टीलचं अडॅप्टर बुश, म्हणजे मोठे आटे लहान करणारी छोटी नळी, मिळतं, ते आधी बसवा. शिवाय स्क्रू चालता चालता सैल होतो. बाहेर पडण्याआधी तो रोज पिळून बघण्याची सवय असेल तरच हा मार्ग धरा. 

लग साबूत आहेत का, हेही आत्ताच बघा. छिद्राच्या वरच्या कडेवरून नख फिरवा. वर्षानुवर्षं स्टीलची रिंग घासून तिथे खोबण पडलेली असते. हलकी खोबण चालते. कड निम्मी झिजलेली असेल किंवा लग बोटाने हलत असेल, तर नवा पट्टा राहू द्या, कॅमेरा आधी मेकॅनिककडे न्या. 

3. रिंग निवडा आणि नीट बसवा

किल्ल्यांच्या जुडग्यातली रिंग लावू नका. दिसायला तीच, पण स्वस्तातली तार मऊ असते आणि ओढ बसली की हळूहळू फाकते. कॅमेऱ्यासाठी म्हणून मिळणारी स्टेनलेस स्टीलची रिंग घ्या. दहा-पंधरा रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

लगभोवती कागदी चिकटपट्टी लावून घ्या, म्हणजे रंगावर ओरखडा उठणार नाही. रिंगचं एक टोक नखाने, किंवा गिटार वाजवायच्या प्लास्टिक पिकने उचला, लगमध्ये घाला आणि रिंग गोल फिरवत न्या. इथे एक फसवी जागा आहे. अर्ध्या वाटेवर रिंग अडकल्यासारखी वाटते, ओढली तर निघतही नाही, आणि काम झालं असं वाटतं. पण तेव्हा तारेचा एकच वेढा लगमध्ये असतो. दोन्ही वेढे छिद्रातून पार जाऊन रिंग मोकळी फिरायला लागेपर्यंत फिरवा. मग रिंग आणि कॅमेऱ्याच्या मधे चामड्याची किंवा प्लास्टिकची छोटी चकती बसवा. निकॉनच्या त्रिकोणी रिंगांवर असलं प्लास्टिकचं टोपण मिळतं. ते नसेल तर जुन्या पर्सच्या चामड्याचा रुपयाएवढा तुकडा कापून त्याला चीर द्या, काम भागतं.

स्प्रिंगचा हुक असलेले पट्टे मला पसंत नाहीत. चटकन काढता-लावता येतात हे खरं, पण चालताना हुक कॅमेऱ्याच्या अंगावर आपटत राहतो आणि महिन्याभरात तिथला काळा रंग उडून पितळ दिसायला लागतं.

4. वजनाप्रमाणे रुंदी

ओएम-1ची बॉडी सुमारे 510 ग्रॅम, एफएम2ची 540, के1000ची 620. त्यावर 50 मिमीची लेन्स चढवली की पाऊण किलोच्या आसपास. एवढ्याला दीड-दोन सेंटीमीटर रुंद पट्टा पुरतो. झेनिट-ई लेन्ससकट किलोच्या जवळ जातो, तिथे तीन सेंटीमीटर बरा. मामिया आरबी67 तर अडीच किलोच्या पुढे. तो गळ्यात अडकवून दिवसभर फिरायचा विचार असेल तर मानेचा डॉक्टर आधी गाठा. 

उलट चूकही होते. चार सेंटीमीटरचा गुबगुबीत पट्टा ओएम-1ला लावला की तो धड गुंडाळता येत नाही, बॅगेत मावत नाही आणि कॅमेरा डोळ्याला लावताना टोकाचा जाड भाग व्ह्यूफाइंडरसमोर येतो. 

5. लांबी सुतळीने ठरवा

सुतळी गळ्यात घाला आणि कॅमेरा जिथे लोंबायला हवा तिथे दोन्ही टोकं धरा. समोर घ्यायचा असेल तर कॅमेरा बरगड्यांच्या खाली, पण कमरेच्या पट्ट्याच्या वर राहिला पाहिजे. बकलवर घासून तळाची पत्री खराब झालेले कितीतरी कॅमेरे मी पाहिलेत. गळ्यात घ्यायला साधारण 95 ते 105 सेंटीमीटर लागतात. लोकलच्या किंवा जत्रेच्या गर्दीत तिरका, म्हणजे एका खांद्यावरून दुसऱ्या बगलेखाली घ्यायचा तर 115 ते 125. तिरक्या पट्ट्यात कॅमेरा ओढून डोळ्यापर्यंत येतो का, हे सुतळीवरच करून बघा.

6. आता कापड-चामड्याकडे या

नायलॉन मजबूत आणि स्वस्त, पण सदऱ्यावरून घसरतं आणि उन्हाळ्यात मानेला काचतं. सुती पट्टा घाम टिपतो, धुता येतो, आणि मला वाटतं आपल्या हवेला तोच सगळ्यात सोसतो. दोराचे पट्टे सध्या फार चालतात. दोर स्वतः भक्कमच असतो. टोकाशी तो कसा बांधलाय ते बघा: नुसता गोंद आणि वर चामड्याची टोपी असेल तर सोडून द्या, खाली दोऱ्याने घट्ट आवळून शिवलेला असेल तर घ्या.

चामडं घ्यायचंच असेल तर झाडाच्या सालीने कमावलेलं बघा. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. तसल्या चामड्याची दीड सेंटीमीटरची पट्टी चपला-बॅगा शिवणाऱ्या चांगल्या कारागिराकडून कापून, टोकं दुमडून दुहेरी शिवून घेता येते. मुंबईत धारावीच्या चामडे बाजारात तयार पट्ट्याही मिळतात. टोकाला फक्त रिव्हेट नको, शिवणही हवी. रंगवलेलं चामडं ओल्या पांढऱ्या रुमालाने पुसून बघा. रुमालाला रंग लागला तर सदऱ्याच्या कॉलरलाही लागणार.

मात्र कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्याचं गणित वेगळं. जूनमध्ये कपाटात ठेवलेल्या चामड्यावर गणपतीपर्यंत पांढरी बुरशी चढते, आणि ज्या दमट हवेत ती चढते तीच हवा लेन्सच्या काचेलाही बाधते. पावसाळ्यात चामडी पट्टा सोडवून वेगळा ठेवा. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आषाढी वारीत फोटो काढायला निघाला असाल तर चामडं घरीच बरं.

7. ओवा आणि ओढून बघा

नायलॉनची पट्टी रिंगमधून नेऊन बकलमध्ये परत घाला आणि शेवट निदान पाच सेंटीमीटर शिल्लक ठेवा. शेपूट बकलच्या बाहेरून न सोडता आतल्या बाजूला, दोन पदरांच्या मधे घाला. तशी ती दिसतही नाही आणि ओढ बसली की आणखी आवळते. 

लगेच कॅमेरा लावून फिरायला जाऊ नका. रिंगांसकट पट्टा आधी पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या बाटलीला बांधा, गादीवर धरून झटके द्या आणि रात्रभर खुंटीला टांगून ठेवा. हे वजन लेन्स लावलेल्या के1000च्या दुपटीहून जास्त आहे. सकाळी बकलपाशी पेनाने केलेली खूण सरकली नसेल तर कॅमेरा लावा. मग गादीवरच बसून फिल्म रिवाइंड करायची मूठ वर ओढून बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत डाव्या बाजूचा जाड पट्टा तिच्यात अडकतो, आणि ते पहिला रोल भरतानाच कळतं.

जुना मूळ पट्टा फेकू नका, भेगा पडल्या असल्या तरी. वर कंपनीचं नाव असेल तर तो कागदात गुंडाळून केससोबत ठेवा. कधी कॅमेरा विकायला काढलात तर संग्राहक आधी तेच विचारतात, आणि मूळ पट्टा सोबत असला की भाव करायला हात जरा मोकळा राहतो.