काळ्या गाडीवरची जाळी कशी घालवायची आणि परत कशी येऊ द्यायची नाही

काळी गाडी घेताना घरातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं की बाबा रे, काळा घेऊ नकोस, पण ऐकतोय कोण. सहा महिन्यांनी रात्री पेट्रोल पंपावर एलईडीच्या उजेडात बोनेटकडे बघितलं तर लाइटच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळं विणल्यासारख्या बारीक गोल गोल रेघा. हेच ते स्वर्ल मार्क. गंमत म्हणजे त्या रेघा गोल नसतातच, सगळ्या दिशांनी मारलेले हजारो बारीक ओरखडे असतात, त्यातले जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात म्हणून गोल दिसतं. मोबाईलचा टॉर्च सरकवून बघा, जाळंही सोबत सरकतं. पांढऱ्या गाडीवरही तेवढेच ओरखडे असतात हां, फक्त दिसत नाहीत.

आता हे येतात कुठून? माझ्याकडे कारण सोपं होतं. सोसायटीत सकाळी सहाला गाडी पुसणारे काका, एक बादली, एक फडकं आणि पंचवीस गाड्या. समोर बिल्डिंगचं काम चालू, रात्रभर सिमेंटची धूळ बसलेली, त्यावर कोरडं नाहीतर जेमतेम ओलं फडकं फिरलं की झाला पॉलिश पेपर. काकांची चूक नाही, त्यांना आपणच सांगितलेलं असतं की रोज चकाचक पाहिजे. बाकी ती दांड्याची झटकणी, वॉशिंग सेंटरवर चिखलाच्या गाडीवर वापरलेलाच स्पंज, आणि धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर जे वाऱ्याने घासत राहतं, हे सगळे त्याच कामाचे.

घालवण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. वरचा जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश करणं म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत तो थर थोडा थोडा घासून सपाट करणं. दर दिवाळीला "रबिंग मारून द्या" (म्हणजे जाड पॉलिशने घासून द्या) केलं तर एक दिवस थर संपतो आणि मग रिपेंटच. ओरखड्यावर नख आडवं फिरवा, नख अडकलं तर तो खोल आहे, त्याच्या मागे लागू नका. जुनी गाडी असेल किंवा कुठे लोकल पेंट मारला असेल तर कोपऱ्यात पांढऱ्या कपड्यावर थोडं पॉलिश घेऊन घासून बघा, कपडा काळा झाला तर वर क्लिअर कोट नाही, थेट रंगच निघतोय, तिथे फार जपून.

आधी गाडी नीट धुवायची (कशी ते खाली सांगतो). मग प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोनेटवरून फिरवा, खरखरीत लागलं तर क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा, भरपूर कार शाम्पूचं पाणी मारून हलक्या हाताने फिरवायचा. क्ले खाली पडला तर सरळ फेकून द्या. काळ्या रंगावर क्लेनेसुद्धा बारीक रेघा येतात म्हणून क्ले केलं की पॉलिश करायचंच, नुसतं क्ले करून सोडायचं नाही.

पॉलिशसाठी डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) मशीन घ्या, म्हणजे पॅड फिरतोही आणि हलतोही. गॅरेजमधलं रोटरी, म्हणजे नुसतं गोल फिरणारं मशीन, पहिल्यांदाच हातात घेऊ नका, एका जागी दोन सेकंद जास्त थांबलात तर रंग जळतो, आणि काळ्यावर त्याच्या लाटा उन्हात लांबून दिसतात. हाताने करता येतं पण हात मोडतो आणि जाळी अर्धीच जाते. गाडी सावलीत, पत्रा थंड, रबर आणि प्लास्टिकच्या कडांना मास्किंग टेप. मग आधी फक्त दीड-दोन फुटाचा एक चौकोन. सगळ्यात मऊ फोमचा पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिशने सुरुवात करा, त्याने भागलं नाही तरच कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं जाड पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके, स्पीड चार-पाचवर, आधी आडवे मग उभे असे चार ते सहा हात, आणि हात इतका सावकाश की बघणाऱ्याला कंटाळा यावा. बॉडी लाइनवर आणि कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे जोर नको. पॅड दर चौकोनानंतर ब्रशने साफ, दोन-तीन पॅनलला बदलायचा. दारांमधल्या चकचकीत काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या फार नाजूक, तिथे मशीन नाही, हातानेच.

पुसून झाल्यावर लगेच खूश होऊ नका, पॉलिशमधलं तेल ओरखडे भरून काढतं आणि दोन धुण्यांनी जाळी परत हजर. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, चार भाग पाणी असं मारून पुसा आणि टॉर्च लावा. जे दिसेल ते खरं. जमलं असेल तर तीच रेसिपी पूर्ण गाडीला, मग वरून वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच संरक्षक थर). सिरॅमिक कोटिंग करून आलात म्हणून फडकं मारायला मोकळे असं समजू नका, त्याने धूळ लवकर निघते एवढंच, स्वर्ल येतातच. खरं संरक्षण पीपीएफचं, म्हणजे रंगावर चिकटवायच्या पारदर्शक फिल्मचं, पण किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते.

आता धुणं. मी दोन दिवस गाडी घासली आणि पुढच्याच आठवड्यात घाईत कोरड्या कपड्याने पक्ष्याची घाण पुसली, बरोबर तिथेच नवीन जाळी, म्हणून नीट वाचा. आमच्याकडे पाइप लावायला बंदी आहे, मी बागेत फवारणी करायचा ५ लिटरचा प्रेशर पंप घेतलाय. त्यात शाम्पूचं पाणी, आधी नुसता फवारा, पाच मिनिटं भिजू द्यायचं, मग साध्या पाण्याने खाली सोडायचं, म्हणजे माती हात न लावता जाते. त्यानंतर मायक्रोफायबरचा हातमोजा आणि दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, दर पॅनलनंतर मोजा आधी साध्या पाण्यात खळखळून. छतापासून खाली, दाराचा खालचा भाग आणि मडगार्ड शेवटी, टायरचा कपडा वेगळाच. भांड्याचा साबण नको, वॅक्स उतरतं. बोअरचं पाणी असेल तर गाडीवर वाळू देऊ नका, डाग बसतात, जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून पाणी टिपून घ्यायचं, घासायचं नाही. टॉवेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नाही आणि सुती कपड्यांबरोबर नाही, त्यांचं लिंट चिकटतं. जमिनीवर पडलेला टॉवेल रंगाला परत लावू नका, तो आता टायरचा.

दसऱ्याचं एक राहिलंच. बोनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक आणि झेंडूचा हार, हाराची तार गाडी चालताना रंगावर घासते आणि सुकलेलं कुंकू कोरडं पुसलं की रेघा आल्याच. आईला म्हटलं स्वस्तिक काचेवर काढ, तोंड वाकडं केलं पण काढलं.

आणि काकांना काढलं नाही मी. पगार तोच, फक्त काम बदललं, आतून साफसफाई, काचा आणि टायर. पहिल्या दिवशी म्हणाले, "साहेब, बोनेट एवढं धुळीचं, लोक मला बोलतील." म्हटलं बोलू द्या काका, रविवारी मी धुतो.