विशारदच्या तयारीला पुन्हा लागताय? या चुका टाळा

माझ्याकडे गाणं शिकायला येणाऱ्यांत आता शाळकरी मुलांइतकीच चाळिशी-पन्नाशीची माणसं आहेत. कॉलेजात असताना मध्यमा, म्हणजे विशारदच्या आधीची परीक्षा, पूर्ण झालेली असते. मग नोकरी, संसार, मुलांची शिक्षणं, आणि तंबोरा माळ्यावर. आता थोडी उसंत मिळाली म्हणून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारदची राहिलेली परीक्षा द्यायची असते. या ओढीचं मला फार अप्रूप आहे. म्हणूनच ज्या चुकांपायी अशी माणसं हिरमुसून पुन्हा गाणं सोडतात, त्या लिहून काढते आहे.

सुरुवात पट्टीपासून, म्हणजे पेटीच्या ज्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला आपण 'सा' मानून गातो, तिच्यापासून. "ताई, माझी काळी पाच आहे," असं एक विद्यार्थिनी पहिल्याच दिवशी म्हणाली. पंचविसाव्या वर्षी होती, ते खरंच. पण वयाबरोबर आवाज खाली उतरतो, बायकांमध्ये पाळी थांबल्यावर तर हे विशेष जाणवतं. तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, गंधाराला मानेच्या शिरा ताणून ती आठ दिवस गायली आणि घसा बसला. आम्ही काळी तीनवर आलो. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून तार पंचमापर्यंत न ओरडता जाता येईल, ती तुमची आजची पट्टी. परीक्षेत पट्टीला गुण नसतात. पहिले दोन-तीन महिने रोज सकाळी खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज करा. त्या काळात ताना घेतल्या नाहीत तरी बिघडत नाही.

"हा राग मला येतो"

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. राग आठवतो तो डोक्याला. आरोह, अवरोह, वादी (रागाचा मुख्य सूर), संवादी (त्याखालोखालचा) सगळं घडाघडा सांगता येतं, गळा मात्र भलतीकडेच जातो. विशारदला समप्रकृतिक, म्हणजे सूर सारखे पण चाल वेगळी असलेले, राग पुढ्यात येतात तेव्हा हे उघडं पडतं. भूप आणि देशकार घ्या. सूर तेच पाच: सा रे ग प ध. त्याच विद्यार्थिनीनं देशकारची आलापी छान सुरू केली आणि दुसऱ्याच आलापात गंधारावर विसावली. झालं, सकाळचा राग रात्रीचा झाला. देशकारात वादी धैवत, सगळा जीव उत्तरांगात, सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात. भूपात वादी गंधार, चलन पूर्वांगात, खालच्या अर्ध्यात. हे तिला पाठ होतं. पण वीस वर्षं कानावर पडलेला भूपच होता, गळा सवयीनं तिकडे ओढला गेला.

मारवा, पूरिया, सोहनी यांचंही तसंच. तिन्हींत कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. मारव्यात रिषभ-धैवत बोलतात, पूरिया गंधार-निषादावर आणि मंद्रात रमतो, सोहनी तार षड्जाभोवती खेळते. यावर मी एक गोष्ट करून घेते. बंदीश बाजूला ठेवून, तंबोरा लावून, एकच राग वीस मिनिटं नुसत्या आलापांत गायचा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचा. दुसऱ्या दिवशी ऐकताना न्यास, म्हणजे सुरावरचा विसावा, कुठे कुठे केला, ते कागदावर मांडायचं. आठवड्यात चूक आपली आपल्यालाच ऐकू येते.

याच कारणानं वहीतले तयार आलाप-ताना पाठ करू नका. मोठ्या माणसांना लिहून घ्यायची आवड असते, वह्या सुंदर असतात. पण परीक्षकांनी "जरा मंद्रातून येऊन दाखवा" म्हटलं की वहीचा उपयोग संपतो.

ताल फक्त मनात मोजणं

हातावर टाळी-खाली देत, तोंडानं बोल म्हणत लयकारी करायची, याचा मोठ्यांना संकोच वाटतो, घरचे ऐकतील म्हणून. मग परीक्षेत झपतालाची चौगुन, म्हणजे एका मात्रेत चार बोल, अडते. गणित सोपं आहे. दहा मात्रांचं एक आवर्तन चौगुनीत अडीच मात्रांत बसतं, म्हणून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं तर साडेसात मात्रा सोडून, आठव्या मात्रेच्या मध्यावर सुरुवात. आठवी ऽऽधीना, नववी धीधीनाती, दहावी नाधीधीना, आणि पुढचा धी समेवर. कागदावर दोन मिनिटांत जमतं, हाताला यायला पंधरा दिवस लागतात. ठाय लय, म्हणजे मूळ गती, थोडी संथ ठेवा, हात थांबू देऊ नका.

जुनी वही, नवं पुस्तक

1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांची स्वरलिपी वेगळी, पं. भातखंड्यांची वेगळी. जुनी वही एका पद्धतीची, बाजारातलं पुस्तक दुसऱ्या पद्धतीचं, आणि उत्तरपत्रिकेत दोन्हींची सरमिसळ. स्वराच्या डोक्यावरचा टिंब भातखंडे पद्धतीत तार सप्तक दाखवतो, पलुसकर पद्धतीत मंद्र. सम भातखंड्यांकडे फुलीनं, पलुसकरांकडे 1 नं. तालातली 'खाली' भातखंड्यांकडे शून्यानं, पलुसकरांकडे अधिक चिन्हानं. एका टिंबानं अख्खी बंदीश सप्तक बदलते. दोन्ही चिन्हं शेजारी-शेजारी मांडून एक तक्ता भिंतीला लावा, आणि एक बंदीश दोन्ही लिप्यांत स्वतः लिहा.

लिहिण्याचं निघालं म्हणून: वर्षानुवर्षं कीबोर्डवरच काम केलेला हात दोन पानांत दुखतो. रोज एक पान शाईनं लिहा. अभ्यासक्रम नवा आणून बघा, आणि मध्यमाचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं असेल तर फॉर्म भरण्याआधीच केंद्रावर विचारून घ्या. परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. उत्साहाच्या भरात लगेच येणाऱ्या सत्राचा फॉर्म भरू नका, एक जाऊ द्या.

आणि तबल्याच्या ॲपवर विसंबून राहू नका. एकट्यानं रियाज करायला ते उत्तम आहे, मीही वापरते. पण ॲपची लय केसभरही हलत नाही, ते तुमच्या मुखड्याची, म्हणजे समेकडे नेणाऱ्या बंदिशीच्या ओळीची, वाट बघत नाही. प्रत्यक्ष तबलजी ठेका भरतो, मधेच छोटा तुकडा वाजवतो, आणि तेवढ्यानं विलंबित एकतालातली सम हरवलेली माणसं मी पाहिली आहेत. परीक्षेच्या दोन महिने आधीपासून दर आठवड्याला तासभर तरी तबलजींबरोबर बसा. त्यांना आधीच सांगा, "दादा, मी चुकले तर थांबू नका, ठेका चालू ठेवा." चुकल्यावर गाणं न तोडता पुढच्या समेला मुखडा पकडायचा, याचा सराव ॲपवर होत नाही.