दुखायचं थांबलं म्हणजे गुडघा बरा झाला? या चुका टाळा

"सर, काय दुखत नाही की आता." ऑपरेशननंतर व्यायामाला येणाऱ्या खेळाडूंचं हे वाक्य मला ऐकवत नाही.

खानापूरकडचा कबड्डीतला एक रेडर, म्हणजे चढाई करणारा. एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातली हाडं दोरीसारखी बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचं, ऑपरेशन होऊन पाचवा महिना, आणि गावच्या जत्रेत सामने. रोज बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानावर तीन राउंड पळतोय म्हणाला. सरळ पळणं ठीक, पण चढाईत सरळ कोण पळतो? एका पायावर उडी मारायला लावली. चांगल्या पायावर दीड मीटर, दुसऱ्यावर मीटरभरही नाही, शिवाय उडीनंतर पाय टेकताना गुडघा आत कलला. नऊ महिने थांब म्हटलं, तरी गेला. दुसऱ्याच चढाईत मध्यरेषेकडे वळताना खाली बसला. पुन्हा ऑपरेशन. माझंही चुकलं: पोराला एकट्याला सांगितलं, त्याच्या कोचला फोन केला नाही. आता आधी कोचला करतो.

नवं लिगामेंट सुरुवातीचे काही महिने उलट कमजोर होतं, आणि ते दुखून सांगत नाही. २०१६ च्या नॉर्वेतल्या संशोधकांच्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत थांबलेल्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलेलं दिसलं. नुसते महिने मोजूनही भागत नाही. मांडीची ताकद आणि उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. त्यातही मेख आहे, घरी बसून चांगला पायही बारीक झालेला असतो. म्हणून ऑपरेशनआधीच दोन्ही पायांचे आकडे वहीत लिहून ठेवतो.

पैलवानांची वेगळी तऱ्हा. तालमीत पाचशे बैठका मारतात आणि पाय तयार झाला म्हणतात. दोन पायांच्या बैठकीत चांगला पाय काम चोरून नेतो, कळतही नाही. मी एका पायरीवरून हळू खाली उतरायला लावतो, आरशासमोर. दहा नीट झाल्या की मग बाकीचं. कंटाळा येतो म्हणणाऱ्यांना रील बघूनच बरं व्हायचं असतं.

घोटा मुरगळला की नुसता पट्टा बांधू नका, एका पायावर तोल धरा. मांडीमागचा स्नायू ओढला असेल तर एकदम स्प्रिंट नको. दुखू नये म्हणून इंजेक्शन घेऊन मैदानात उतरणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आणि सूज. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्याच्या टेपने गुडघा मोजा. सेंटिमीटरभर वाढला असेल तर कालचा डोस जास्त झाला, आज निम्मा करा. निपाणीचा एक पैलवान टेप नाही म्हणून दोऱ्याला गाठ मारून आणतो. चालतं.